भट्टीतले दोन साक्षीदार

स्टोनवेअरचा कप बाराशे अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे भाजावा लागतो. कमी भाजला तर तळातून पाणी पाझरतं, ग्लेझ कोरडं राहतं, आणि त्यात ताक-लोणचं ठेवलं तर ग्लेझमधली द्रव्यं अन्नात उतरण्याची भीती असते. जास्त भाजला तर ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटतं आणि भांड्याचा आकार बसतो. या दोन टोकांमध्ये कधी कधी वीस-तीस अंशांचीच मोकळीक असते. दार बंद, आत हजार अंशांच्या वरचा उजेड, आणि बघायला रुपयाएवढं भोक. ज्याच्या महिन्याभराच्या मेहनतीची भांडी आत आहेत, त्याला एवढंच हवं असतं की भट्टी नेमकी कधी बंद करायची हे खात्रीनं कळावं.

ती खात्री कुठून मिळवायची, यावर मातीकाम करणाऱ्यांमध्ये दोन पक्ष आहेत. एक पक्ष थर्मोकपल या तापमान मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यावर भिस्त ठेवतो, दुसरा भट्टीत ठेवलेल्या कोनावर, म्हणजे खनिजांच्या ठरावीक मिश्रणातून घडवलेल्या बोटाएवढ्या शंकूवर. खालच्या संवादात हे दोन पक्ष एका घरात आणले आहेत. आत्या पुण्याजवळ स्वतःचा स्टुडिओ चालवते. तिच्याकडे एक इलेक्ट्रिक आणि एक गॅसची भट्टी आहे. भाचा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे, भोसरीत पोलादाच्या हीट ट्रीटमेंटचं काम बघतो. दोघंही कल्पित आहेत. वाद मात्र खरा आहे.

भाचा : आत्या, भट्टीला चांगला डिजिटल कंट्रोलर बसवलायस. अंशाअंशाचा हिशेब दाखवतो. तरी प्रत्येक भाजणीला तू गॉगल लावून भोकाशी बसलेली असतेस. त्या आकड्यात तुला काय कमी वाटतं?

आत्या : परवा आकडा १२२२ होता. वरच्या शेल्फवरचं ग्लेझ छान वितळलेलं, आणि खालच्या शेल्फवरचे वाडगे हाताला खरखरीत लागले. भट्टी एकच, भाजणी एकच. मग ते १२२२ कुणाचं तापमान होतं?

भाचा : थर्मोकपलच्या टोकाचं.

आत्या : वाडग्यांचं नव्हतं ना? माझा तंटा तेवढाच आहे.

भाचा : पण हा दोष थर्मोकपलचा नाही. भट्टीच सगळीकडे सारखी तापत नाही. आमच्या धंद्यात हे गृहीत धरलेलं असतं. विमानाच्या भागांवर प्रक्रिया करणाऱ्या भट्ट्यांसाठी एएमएस २७५० हे मानक आहे. त्यानुसार भट्टीच्या आत वेगवेगळ्या जागी थर्मोकपल लावून कुठला कोपरा किती मागे-पुढे आहे याचा नकाशाच काढतात, त्याला सर्व्हे म्हणतात. अगदी लहान भट्टीलाही पाच, त्याहून मोठीला नऊ. तुझ्या भट्टीत एकच आहे, तोही मागच्या भिंतीत.

आत्या : नऊ लाव. नऊ आकडे मिळतील. पण माझी माती आकड्यावर भाजत नाही रे. फेल्डस्पार मऊ होतो, त्याची काच होते, ती कणांच्या फटींमध्ये शिरते, सिलिका हळूहळू तिच्यात विरघळते. या सगळ्याला वेळ लागतो. किती तापलं याच्याइतकंच किती वेळ तापलं हेही महत्त्वाचं. ६ नंबरचा कोन घे. शेवटच्या शंभर अंशांत भट्टी ताशी ६० अंशांनी चढवली तर तो १२२२च्या सुमारास वाकतो. ताशी १५०नं पळवली तर १२४३ येईपर्यंत थांबावं लागतं. आणि ताशी १५नं रांगत नेली तर ११८५च्या आसपासच वाकून मोकळा होतो. भाजणी तीच, आकडे तीन. यातला खरा कुठला?

भाचा : तिन्ही खरे. तू उष्णता आणि वेळ मिळून झालेलं काम विचारते आहेस, मी तापमान सांगतो आहे.

आत्या : तेच तर. मला काम झालं का ते हवं. कोन ते सांगतो, कारण तो माझ्या भांड्याच्याच जातीचा आहे. माती, फेल्डस्पार, सिलिका, चुना, सगळं ठरलेल्या प्रमाणात. आत पुरेशी काच झाली की स्वतःच्याच वजनानं त्याचं टोक खाली येतं. हर्मन सेगर यांनी बर्लिनच्या राजेशाही पोर्सिलेन कारखान्यात १८८६ साली ही मालिका बसवली. पुढे १८९६ मध्ये ओहायोत एडवर्ड ऑर्टन यांनी अमेरिकेतले कोन बनवायला घेतले. आज आपण वापरतो ते बहुतेक त्याच परंपरेतले. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना, ती ही. चुलीची आच बघून भात शिजला असं कुणी म्हणत नाही.

भाचा : भाताला ते लागू पडतं, कारण उकळत्या पाण्यात सगळी शितं वर-खाली फिरत असतात. कुठलंही एक काढलं तरी चालतं. तुझा वाडगा मात्र जिथं ठेवलास तिथंच बसून राहतो. भोकासमोरचं शीत शिजलं म्हणून मागच्या कोपऱ्यातलं शिजलं असेलच असं नाही. म्हणजे कोनही माझ्या थर्मोकपलसारखाच एका जागेपुरतं बोलतो.

आत्या : म्हणून मी वरच्या, मधल्या आणि खालच्या शेल्फवर कोनांची रांग ठेवते. प्रत्येक रांगेत तीन: ५, ६ आणि ७. पाच वाकला की मी जागची हलत नाही. सहाचं टोक त्याच्या बैठकीच्या पातळीला आलं की भाजणी झाली. सात उभा राहायला हवा. तोही झुकला तर मी पुढे गेले. भोकातून एकच रांग दिसते. बाकीच्या दोन भट्टी उघडल्यावर वाचायच्या. तुमच्या नऊ थर्मोकपलांच्या मानानं हे अगदी स्वस्तातलं काम आहे.

भाचा : हे चांगलं आहे. आमच्या सर्व्हेचंच काम तू मातीच्या तुकड्यांकडून करून घेतेस. पण एक सांग, पाच ते सहा आणि सहा ते सात, अंतर सारखं असतं का?

आत्या : नाही. त्याच ताशी ६०च्या चढाला पाच ११८६ला, सहा १२२२ला आणि सात १२३९ला वाकतो. पहिल्या टप्प्यात ३६ अंश, दुसऱ्यात १७.

भाचा : म्हणजे सहाच्या खाली चुकायला जागा आहे आणि वर तिच्या निम्मीसुद्धा नाही. ‘अजून थोडं चालू देऊ’ म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवायला हवं. आणि दुसरं, कोन तुझ्या भांड्याच्या जातीचा असेल, पण तुझं ग्लेझ नाही. त्याचं मिश्रण वेगळं, तुझ्या ग्लेझचं वेगळं. एखादी भट्टी खूप संथ नेली तर दोघं अगदी एकाच वेळी पिकतील याची हमी कोण देणार?

आत्या : कुणीच नाही. म्हणून चढ बदलला किंवा ग्लेझ बदललं की मी प्रत्येक शेल्फवर त्याच मातीचा चाचणीचा तुकडा ठेवते. त्यावर ओल्या मातीत दहा सेंटिमीटरची रेघ मारलेली असते. भाजून ती किती आखडली ते मोजायचं. मग तो तुकडा कोरडा असताना तोलायचा, पाण्यात पाच तास उकळायचा, त्याच पाण्यात दिवसभर ठेवायचा, पुसून पुन्हा तोलायचा. वजन किती वाढलं त्यावरून माती किती पाणी पिते ते कळतं. पण हे सगळं नंतरचं. भट्टी चालू असताना माझ्याजवळ फक्त कोन असतो. आता तू सांग, तुझ्या आकड्यावर तुझा एवढा भरवसा कशामुळे?

भाचा : भरवसा आहे, कारण तो कुठे कुठे खोटं बोलतो हे मला माहीत आहे. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा, एका टोकाला जोडलेल्या. ते टोक तापलं की दुसऱ्या टोकाशी थोडासा व्होल्टेज मिळतो. सेबेक यांनी १८२१ मध्ये हे पाहिलं. तुझ्या भट्टीतला के प्रकारचा आहे, तो हजार अंशांना सुमारे ४१ मिलिव्होल्ट देतो. पण हा व्होल्टेज तापमानाचा नाही, दोन टोकांमधल्या फरकाचा असतो. थंड टोक किती तापलंय हे मीटर स्वतःजवळचं तापमान मोजून धरतो आणि आकड्यात मिळवतो. आता समज, भट्टीच्या अंगावरच्या जोडणीच्या डबीपासून मीटरपर्यंत इलेक्ट्रिशियननं हाताला लागलेली साधी तांब्याची वायर ओढली. डबी भट्टीला चिकटून ७० अंशांना, मीटर भिंतीवर ३० अंशांना. मधले ४० अंश कुणीच मोजले नाहीत.

आत्या : मग आकडा?

भाचा : जवळजवळ तेवढाच कमी. मीटरवर १२२२ येईपर्यंत आत १२६० होऊन गेलेले. तिथं कंपेन्सेटिंग केबलच हवी. आणि ती उलटी जोडली तर चूक जवळजवळ दुप्पट. अमेरिकन पद्धतीच्या के केबलमध्ये लाल तार ऋण असते आणि पिवळी धन. आपल्याकडे लाल दिसली की कुणीही ती धनाला लावतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. केबल कुठली आहे ते वाचल्याशिवाय जोडायचीच नाही.

आत्या : हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

भाचा : अजून आहे. थर्मोकपलचं टोक भिंतीच्या आतच राहिलं, भट्टीच्या पोकळीत पुरेसं बाहेर आलं नाही, तर भिंत त्याची उष्णता ओढून घेते आणि आकडा कमी येतो. दोन-अडीच इंच तरी टोक पोकळीत हवं, आणि शेल्फला किंवा भांड्याला टेकलेलं नको. शिवाय नवा के थर्मोकपल, खोक्यातून काढलेला, त्याच्याच मानकाप्रमाणे पाऊण टक्का इकडे-तिकडे असू शकतो. बाराशे अंशांना ते ९ अंश झाले, वर किंवा खाली. मीटरवरचा शेवटचा अंक बदलताना दिसतो म्हणून तो बरोबर आहे असं होत नाही.

आत्या : आणि जुना झाला की?

भाचा : के प्रकार १२६० अंशांपर्यंत चालतो असं म्हणतात, पण त्या टोकाला रोज वापरला की तारा लवकर बिघडतात. तुझ्या गॅसच्या भट्टीत तर त्याची आणखी दैना. तू हवा कमी करून धुरकट ज्योतीत भाजतेस ना, रिडक्शन? कमी ऑक्सिजनच्या हवेत, साधारण आठशे ते हजार अंशांच्या पट्ट्यात, क्रोमियम असलेली तार आतून सडायला लागते. वर हिरवट थर येतो. मग आकडा हळूहळू उतरत जातो, आणि तू तो गाठायला भट्टी अधिकाधिक तापवत जातेस. गॅसच्या भट्टीला प्लॅटिनम आणि ऱ्होडियमचा एस प्रकार बरा, चांगल्या अ‍ॅल्युमिनाच्या नळीत बंद केलेला. महाग आहे, पण त्याची चूक पाव टक्क्याची. म्हणजे बाराशेला ३ अंश.

आत्या : बघ, माझी बाजू तूच मांडलीस. वायर चुकली, नळी आखूड पडली, तार सडली, आणि आकडा मात्र तितक्याच थाटात चमकत राहतो.

भाचा : अर्धीच बाजू मांडली. यातली प्रत्येक चूक शोधता येते आणि तिचं माप काढता येतं. प्रमाणित प्रयोगशाळेत थर्मोकपल तपासून घेता येतो. आमचे जुने लोक तर सोन्यानं तपासायचे. थर्मोकपलच्या दोन तारांच्या टोकांमध्ये सोन्याच्या तारेचा बारीकसा तुकडा अडकवायचा आणि भट्टी संथ चढवायची. सोनं १०६४ अंशांना वितळतं. ते वितळलं की जोड तुटतो आणि मीटर बंद पडतो. तुटण्याच्या क्षणी मीटर १०५० दाखवत होता? मग तो १४ अंशांनी मागे आहे. चुकीचं माप कळलं की चूक उपद्रव देत नाही. तुझ्या कोनाला असं तपासता येतं का?

आत्या : नाही येत. एक कोन एकदाच वापरायचा. कालच्या भट्टीत थोडा झुकलेला कोन आज पुन्हा ठेवला तर तो काही खरं सांगणार नाही. आम्ही बनवणाऱ्यावर विसंबतो. पण खरं तापमान कळणं आणि भाजणी दर वेळी सारखी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तरी मान्य कर. जोसाया वेजवुड यांची गोष्ट ठाऊक आहे?

भाचा : इंग्लंडचे ते प्रसिद्ध कुंभार? त्यांनी पायरोमीटर बनवला होता, एवढं ठाऊक आहे.

आत्या : तेच. १७८२ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. माती भाजली की आखडते, आणि जितकी जास्त भाजावी तितकी जास्त आखडते. म्हणून त्यांनी एकसारखे मातीचे लहान तुकडे केले. ते भट्टीत ठेवायचे, काढायचे, आणि पितळेच्या निमुळत्या होत जाणाऱ्या खाचेत सरकवायचे. तुकडा जितका आखडला तितका आत जाणार. खाचेवर अंशांच्या खुणा. पुढच्याच वर्षी त्यांना सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. आता त्यांचे अंश फॅरनहाइटमध्ये उतरवले तर बिडाचं लोखंड १७,९७७ अंशांना वितळतं असं निघतं.

भाचा : म्हणजे दहा हजार सेल्सिअसच्या जवळ! बीड बाराशेच्या आत-बाहेर वितळतं.

आत्या : हो, आठपटीहून जास्त चूक. तरीही त्यांच्या कारखान्यातला माणूस सांगू शकत होता की आजची भट्टी कालच्या खुणेपर्यंत गेली की नाही. आकडा साफ खोटा आणि भाजणी खरी. कुंभाराला कालच्यासारखी भाजणी आज करता आली की त्याचं बरंचसं काम झालं.

भाचा : हीच गोष्ट मी माझ्या बाजूनं सांगू? ती खूण त्यांच्या त्या एका मातीवर उभी होती. दुसऱ्या थरातली माती आली, ती थोडी वेगळी आखडली, की अख्खी पट्टी सरकली. आणि पट्टी सरकली हे कळायला त्यांच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. सोन्याचा वितळणबिंदू आज आहे तोच शंभर वर्षांनी राहील, पुण्यात आहे तोच बर्लिनमध्ये. सारखी भाजणी दर वेळी हवी असेल तर कुठेतरी न हलणारा एक खुंटा लागतो.

आत्या : हं. हे पटतं. सेगर आणि ऑर्टन यांनी मिश्रणाचं प्रमाण पक्कं ठरवलं ते याचसाठी.

भाचा : आणि कोनाची आणखी एक मर्यादा आहे, ती तू बोलत नाहीस. कोन फक्त शेवट सांगतो. सगळ्यात खालचा, ०२२ नंबरचा, तोही ५८५च्या सुमारास वाकतो. त्याच्या आधीचं काय? बिस्कच्या, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीच्या वेळी, ओल पूर्ण उडण्याआधी भट्टी शंभराच्या पुढे गेली तर आतल्या वाफेनं भांडं फुटतं. ५७३ अंशांना क्वार्ट्‌झच्या कणांची रचना बदलते, ते एकदम फुगतात. उतरताना तिथंच एकदम आखडतात. तिथून घाईनं नेलं की तडा. सातशे ते नऊशेच्या दरम्यान मातीतला कार्बन जळून जायला हवा, नाहीतर तो आत कोंडतो आणि पुढच्या भाजणीत फोड येतात. यातलं काही तुझा कोन सांगतो?

आत्या : नाही.

भाचा : उतरतानाचं तर सोडूनच दे. एकदा वाकलेला कोन परत उभा राहत नाही. तुझी ती मॅट ग्लेझं आहेत, ज्यांत थंड होताना बारीक स्फटिक धरतात, ती हजार अंशांच्या आगेमागे भट्टी किती सावकाश उतरली यावर अवलंबून असतात. कोन सांगेल दोन्ही वेळा भाजणी सहाला संपली. एक भट्टी मखमलीसारखी निघेल, दुसरी चकचकीत, आणि कारण कळणार नाही.

आत्या : हे माझं गेलं. मान्य. चढ आणि उतार मी आकड्यावरच चालवते, आणि तिथं तो दोन-चार अंशांनी चुकला तरी बिघडत नाही. पण डोळ्यावरही थोडं सोडते, बरं का. अंधाऱ्या खोलीत सव्वापाचशेच्या सुमारास पहिला लालसर उजेड दिसतो, आठशेला चेरीसारखा लाल, अकराशेला पिवळसर, तेराशेला पांढरा.

भाचा : डोळ्याचा मात्र मला मुळीच भरवसा नाही. बाहेर ऊन असलं की तोच लाल काळपट वाटतो. थोडा वेळ बघत बसलीस की नजर सरावते आणि शंभर अंश कुठे गेले कळत नाही.

आत्या : किती तापलं ते डोळ्याला सांगता येत नाही, हे खरं. पण सारखं तापलं का, हे डोळ्याइतकं चांगलं कुणाला सांगता येत नाही. वर जाऊन मी भट्टी अर्धा तास धरून ठेवते तेव्हा बघ. आधी प्रत्येक वाडग्याची कड वेगळी दिसते. शेल्फ उजळ, वाडगा थोडा गडद. आतलं सगळं एका तापमानाला आलं की कडा पुसट होत जातात, आणि शेवटी भांडं कुठलं, भिंत कुठली, ओळखू येत नाही. सगळीकडे एकच उजेड. जिथं कड दिसते तिथं अजून फरक आहे.

भाचा : हे तर भौतिकशास्त्रच झालं. बंद पोकळीत सगळं एका तापमानाला आलं की सगळ्यांचा उजेड सारखाच होतो. नऊ थर्मोकपल जे सांगतात ते तू एका नजरेत बघतेस. फक्त आकडा मिळत नाही.

आत्या : आणि आकडा सगळ्यांना सारखाच लागतो असंही नाही. गावातल्या कुंभाराचा आवा घे. गवत, शेण्या, लाकूड, वरून खापऱ्या आणि मातीचा लेप. तिथं ना कोन, ना मीटर. माठाची लाल माती आठशेला भाजली काय, साडेआठशेला भाजली काय, माठ होतोच. उलट फार भाजला तर माती आवळते, पाझरणं थांबतं आणि पाणी गार होत नाही. म्हणजे त्याची कमी भाजणी हीच त्याची बरोबर भाजणी. तो थापटून आवाज ऐकतो. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं ते बघितलं, ती गोष्ट आपल्याला सांगतात ना, ती परीक्षा कुंभाराच्या रोजच्या कामातलीच आहे. पन्नास अंशांची मुभा असलेल्या मातीला ती पुरते.

भाचा : तिथंही एक फट आहे. आपल्या दख्खनच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. साधारण साडेआठशे-नऊशेला त्यांची चुनकळी होते. भांडं भट्टीतून ठणठणीत निघतं, आवाजही छान येतो. मग पावसाळी हवेत ती कळी ओल पिऊन फुगते आणि आठवड्यानं भांड्याच्या अंगावरून टवका उडतो. थापटण्याच्या आवाजात ते ऐकू येत नाही.

आत्या : म्हणून माती चाळायची, आणि कुठल्या भाजणीला काय झालं ते लिहून ठेवायचं. तू म्हणतोस ते शेवटी तिथंच येतं. कुठलंही माप घे, ते काही गोष्टी बघतं आणि काही गोष्टींना आंधळं असतं.

भाचा : मग आपण एक करू. पुढच्या काही भाजण्या तिन्ही शेल्फवर कोन ठेवून. शेवटच्या शंभर अंशांचा चढ ताशी ६०च, त्यात बदल नाही. ज्या क्षणी सहाचं टोक खाली येईल, त्या क्षणीचा मीटरचा आकडा वहीत. समज, दर वेळी तो १२१०च्या आसपास आला. मग तुझ्या या भट्टीत, या चढाला, या थर्मोकपलला कोन ६ म्हणजे मीटरवरचे १२१०. ते १२ अंश कुठून आले हे कळलं नाही तरी चालेल. कंट्रोलरमध्ये तेवढी दुरुस्ती घालायची. आणि मग कोन बंद.

आत्या : इथपर्यंत तुझ्याबरोबर होते. ‘कोन बंद’ला नाही.

भाचा : का? मापून झालं ना?

आत्या : आजच्या थर्मोकपलचं मापून झालं. तूच सांगितलंस, प्रत्येक भाजणीला तार थोडी थोडी बिघडते. दहा-वीस भट्ट्यांनंतर १२१० म्हणजे कोन ६ राहील का? आणि तो सरकला हे तुला कोण सांगणार? वेजवुड यांच्याविषयी तू आत्ता काय म्हणालास?

भाचा : पट्टी सरकली हे कळायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

आत्या : मग ती चूक मी का करू? शेल्फभर वाडग्यांपुढे तीन कोनांची किंमत ती काय!

भाचा : ठीक आहे. मग निदान कोनाकडे बघण्याची तुझी रीत बदल. आत्तापर्यंत कोन आणि मीटर यांचं जुळलं नाही तर तू काय करत होतीस?

आत्या : कोनाप्रमाणे भट्टी बंद करायची आणि मीटर बिनकामाचा आहे म्हणायचं.

भाचा : तिथंच माहिती वाया गेली. दोघांत दहा अंशांचा फरक नेहमीचाच असेल तर घाबरायचं कारण नाही. पण नेहमी दहा असणारा फरक आज तीस झाला, तर काहीतरी बदललंय. थर्मोकपल जुना झाला, केबल ढिली झाली, नळी मागे सरकली, एखादी कॉइल गेली म्हणून चढ मंदावला, नाहीतर कोनच ओला किंवा वापरलेला होता. शोधल्याशिवाय पुढची भट्टी लावायची नाही. मीटर एकटा असता किंवा कोन एकटा असता, तर हा बदल कधीच दिसला नसता. एकट्या साक्षीदाराला आपण चुकतो आहोत हे कळू शकत नाही.

आत्या : आणि दोघांचे दोष वेगळे असायला हवेत. दोन थर्मोकपल एकाच जागी, एकाच केबलनं लावले तर दोघं मिळून एकच खोटं सांगतील. मीटर विजेच्या वाटेनं चुकतो, कोन मातीच्या वाटेनं. एकाच वेळी, एकाच बाजूला, एवढंच चुकायचं म्हणजे विरळाच.

भाचा : तेच मला म्हणायचं होतं. आमच्या सर्व्हेचा हेतूही शेवटी तोच.

आत्या : तरी त्या रात्री, भाजणी चालू असताना, शोधायला वेळ नसतो. मीटर म्हणतो थांब, कोन म्हणतो अजून नाही. बंद करण्याचा अधिकार कुणाचा?

भाचा : कोनाचा. भांड्याच्या शेजारी बसून तेवढ्याच आगीत तेवढाच वेळ तो भाजलेला असतो. मीटर नव्हता. पण भट्टी थंड झाल्यावर पहिलं काम वही उघडण्याचं. कोन जिंकला म्हणून मीटर सोडायचा नाही.

आत्या : कबूल. आणि माझ्याकडूनही एक. खालच्या शेल्फचे वाडगे कच्चे निघाले ना, ते मी कपाळाला हात लावून बाजूला ठेवले होते. त्या शेल्फवर कोन नव्हताच. त्या वेळी मी भोकासमोरच्या एकाच रांगेवर निभावून नेलं होतं. यापुढे न चुकता रांगा तीन. खालची रांग दर वेळी एक नंबर मागे निघाली तर चढ शेवटी अजून मंद करीन, किंवा वर अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास धरून बघीन, आणि तेवढ्यानंही खालचा शेल्फ आला नाही तर तिथं ५ नंबरला पिकणारं ग्लेझच लावीन.

भाचा : आणि मी येत्या रविवारी केबल तपासतो. लाल तार कुठे लावली आहे ते आधी बघायचं आहे.